तळटीप : इराणचा तंबाखूचा मक्ता

* हुक्के विझवल्याचा हा उल्लेख डिसेंबर १८९१ मधल्या इराणी तंबाखू-बहिष्काराचा आहे. खर्चिक आणि सदा पैशाच्या ओढीत असलेल्या नासिरुद्दीन शाहने मार्च १८९० मध्ये देशातल्या तंबाखूच्या खरेदी-विक्रीचा आणि निर्यातीचा पन्नास वर्षांचा मक्ता टॅल्बट या इंग्रज मेजरला दिला. बदल्यात मिळणार होते वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. पिकवणारा इराणी, ओढणारा इराणी, पण मधला सगळा व्यवहार परक्या कंपनीच्या हाती. शिराझ, तबरीझ, इस्फहानचे व्यापारी खवळले. मग उस्मानी मुलखातल्या सामर्‍याला राहणाऱ्या शिया धर्मगुरू मिर्झा शिराझींच्या नावाने फतवा निघाला आणि तंबाखू निषिद्ध ठरली. (फतवा त्यांचाच की तेहरानात कुणी रचलेला, ही शंका जुनीच आहे, त्यांनी तो नाकारला नाही, एवढे पुरे.) खुद्द शाहच्या जनानखान्यातले हुक्केही बंद पडले. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द झाला.

लेखक हा विजय सांगून पुढे जातात, ते पटत नाही. कंपनीला ५ लाख पौंड भरपाई द्यायची ठरली. खजिन्यात तेवढे नव्हते, म्हणून रक्कम इंपीरियल बँक ऑफ पर्शियाकडून कर्जाऊ घेतली. ही बँकही ब्रिटिशांचीच, आणि तारण म्हणून लिहून दिले ते इराणी आखातातल्या बंदरांचे जकातीचे उत्पन्न. — संपा.