जात्यावरचा शोक : बीड जिल्ह्यातलं मरण आणि आठवण

मागच्या वेळी आपण अंबाजोगाईच्या समाध्यांबद्दल बोललो. कार्यक्रम संपल्यावर एका श्रोत्यांनी आम्हाला दारातच गाठलं. म्हणाले, ‘सर, हे सगळं संतांचं झालं. साध्या माणसाला मरणाबद्दल काय वाटत होतं, ते कुठं सापडतं?’ प्रश्न रास्त आहे, तेव्हा आज त्याच्याच मागे जाऊ.

आपल्या जिल्ह्यात गेलेल्यांच्या आठवणीच्या जागा कमी नाहीत. अंबाजोगाईला मुकुंदराज आहेत, दासोपंत आहेत. मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. खुद्द बीडमध्ये शहेनशाहवलींचा दर्गा आहे, त्यांचा उरूस भरतो. पण गंमत अशी, की या जागी कोणी रडत नाही. संत ‘मेले’ असं आपण म्हणतच नाही, समाधिस्थ झाले म्हणतो. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ तर लग्न! म्हणजे मरणावर मात झाली, असं सांगणाऱ्या या जागा आहेत. शोकाचं तिथं काम नाही.

बरं, लढायांच्या इतिहासात पाहू. 10 ऑगस्ट 1763 ला गेवराई तालुक्यात, राक्षसभुवनला, माधवराव पेशवे आणि निजामअली यांची लढाई झाली. निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर तिथं पडले. हे नाव शाळेच्या पुस्तकात येतं. त्या दिवशी गोदावरीच्या काठावर आणखी जी माणसं गेली, त्यांच्या घरी निरोप कधी पोचला, कोणी काय म्हणून हंबरडा फोडला, याची बखरीला काही पडलेली नाही. बखरीचं ते कामही नव्हे म्हणा.

मग उरतं तत्त्वज्ञान. आम्ही उभा जन्म तेच शिकवलं. नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो आणि मेल्यावर काय होतं ते विचारतो, हा प्रसंग वर्गात रंगवून सांगायचो. 1927 साली हायडेगर म्हणून गेला, की प्रत्येकाचं मरण ज्याचं त्याचं असतं, तिथं दुसऱ्या कोणाशी नातं उरत नाही. हेही आम्ही फळ्यावर लिहून दिलं. एवढं करून वर्गातल्या एकाही मुलाला आम्ही विचारलं नाही, की बाबा, तुझी आजी मरणाबद्दल काय म्हणते? आम्हाला सुचलंच नाही.

आजी म्हणत होती. पहाटे, जात्यावर.

ओवीबद्दल आपण कौतुकानं बोलतो, पण ती काय सोय होती हे नीट पाहिलेलं नाही. सासरी नांदणाऱ्या बाईला दिवसभर रडायला जागा नव्हती. मयताच्या दारात रडता यायचं. मातीला आलेल्या बायका गळ्यात पडून, हेल काढून, गेलेल्याचे गुण आठवून आठवून रडायच्या. तेरावा झाला, गोड जेवण झालं, की घर कामाला लागायचं. त्यानंतरही दुःख असतंच की! त्याला जी वेळ मिळायची ती तांबडं फुटायच्या आधीची, घरातले पुरुष झोपेत असतानाची. हातात खुंटा, समोर जमलं तर जाऊ किंवा नणंद, आणि जात्याचा घरघराट असा, की शब्द ऐकू गेला तरी कोणाला उद्देशून आहे ते कळू नये.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरच्या एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या गेल्या. आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर येत आहेत. त्यातल्या मरणाच्या ओव्या जरूर ऐका. आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं ते तिथं आहे. आणि स्वतःच्या मरणाबद्दल तर किती आहे! आपल्या सरणापाशी कोण असेल, भाऊ वेळेवर पोचेल का, माहेरचं लुगडं अंगावर पडेल का, लेकरांना मागं कोण पाहील. बाई मरणाचा विचार करते तो नात्यांतूनच करते. हायडेगरच्या अगदी उलटं आहे हे, आणि खरं सांगायचं तर या बाबतीत आम्हाला आता तिचंच जास्त पटतं.

मात्र इथं भोळेपणा नको. या ओव्यांत पुन्हा पुन्हा एक मागणं येतं, अहेव मरण यावं. नवऱ्याआधी, हळदीकुंकवानं, हिरव्या चुड्यानं जावं. काही मंडळी यात पतिप्रेम पाहून गहिवरतात. आम्हाला त्यात भीती दिसते. विधवेचं जिणं शेजारी रोज डोळ्यांनी पाहिलेली बाई मरण स्वस्त समजते, याला इतिहासाचा पुरावा म्हणून वाचलं पाहिजे.

आता माजलगावला चला. तिथल्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या याच प्रकल्पात 1996 साली ध्वनिमुद्रित झाल्या. विषय बाबासाहेब आणि रमाबाई. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब दिल्लीत गेले, दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. हा सार्वजनिक इतिहास, ग्रंथांत आहे. माजलगावच्या बाईच्या तोंडी ते नुसते पुढारी राहत नाहीत, घरचं माणूस होतात. देवाचं नाव जिथं यायचं तिथं भीमराय येतात. चाळीस वर्षांनीही ही नाती शिळी झालेली नव्हती. बीड जिल्ह्याच्या इतिहासात हे पान समाध्यांच्या बरोबरीचं आहे, असं आमचं मत आहे.

अशी कामं दूरदेशीही झाली. फिनलंडमध्ये लोनरोट नावाचा एक डॉक्टर गावोगाव हिंडून लोकगीतं जमवत होता. 1835 मध्ये त्याचं ‘कालेवाला’ आलं, ते वीरांचं. 1840 मध्ये ‘कांतेलेतार’ आलं, त्यात मोठा भाग बायकांच्या गाण्यांचा. त्याच भागात, पूर्वेकडच्या कॅरेलियात, बायका मयतावर सुरात रडत. गेलेल्याचं नातं सरळ न उच्चारता आडवळणानं सांगायचं, अशी रीत. आता फिनलंडमध्ये हे रडणं शिकवायचे वर्ग भरतात. हसू नका. आपल्याकडं काय उरलंय ते पाहा.

पिठाची गिरणी आली आणि बाईचा जीव वाचला, याबद्दल दुमत नाही. रोज पहाटे दळायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांना विचारा. पण दळणाबरोबर ती वेळही गेली. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याच्या घरात मरण आलं, तर कारखान्याच्या तळावरून गावी यायचं, माती द्यायची आणि परत कोयता हातात घ्यायचा. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या बायकोला दुःख सांगावं लागतं ते कागदावर. 2006 च्या शासन निर्णयानं 1 लाख रुपयांची मदत ठरली, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. त्यासाठी कर्जाची नोंद हवी, वसुलीचा तगादा दाखवता यायला हवा. मग प्रकरणावर शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. उद्याचा संशोधक या काळातला शोक शोधायला येईल तेव्हा त्याला या फायली सापडतील. तिच्या तोंडचे शब्द सापडणार नाहीत, कारण ते कोणी विचारलेलेच नाहीत.

आमच्या आईच्या ओव्याही कोणी टिपल्या नाहीत. आमचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. त्यानंतर ती जात्यावर काय म्हणायची, ते आम्ही अर्धवट झोपेत ऐकलं आहे. चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

तुमच्या घरी ऐंशीच्या पुढची कोणी असेल, तर या दिवाळीत गावी जाल तेव्हा तिच्यापाशी बसा. मोबाइल बाजूला चालू ठेवा, तिला तसं सांगून. ‘ओवी म्हण’ असं म्हणू नका, ती लाजेल, नाही तर आठवत नाही म्हणेल. परसात जातं पालथं पडलं असेल, ते धुऊन मांडा, मूठभर जोंधळे घाला आणि खुंटा तिच्या हातात द्या. समोर तुम्ही बसा. हात फिरायला लागेपर्यंत काही विचारू नका.