मेंदूप्रतिमांचे गट-विश्लेषण

अनेक माणसांच्या मेंदूच्या स्कॅनांवरून त्यांच्यासारख्या इतरांविषयी अनुमान काढण्याची संख्याशास्त्रीय रीत. कार्यात्मक एमआरआयमध्ये मेंदूचे लाखभर छोटे घनतुकडे, म्हणजे व्हॉक्सेल, कल्पून प्रत्येकातील रक्तप्रवाहाशी निगडित संकेत दर दोन-तीन सेकंदांनी मोजतात. आकडे एवढे पडतात की नमुना मोठा असल्याचा भास होतो, आणि या शाखेतील बऱ्याच चुकांचे मूळ तिथेच आहे. समजा, सुरतजवळच्या उधना येथील यंत्रमागांवर काम करणाऱ्या 20 खानदेशी कामगारांचे, मागांचा खडखडाट ऐकवताना, प्रत्येकी 300 स्कॅन घेतले. प्रतिमा 6,000 झाल्या. नमुना मात्र 20 चाच. त्या सगळ्या प्रतिमा एकाच ढिगात घालून चाचणी केली तर निष्कर्ष याच वीस जणांपुरता खरा ठरतो, कारण माणसामाणसांतली तफावत हिशेबातच येत नाही. होम्स व फ्रिस्टन यांनी 1998 मध्ये मांडलेली दोन पायऱ्यांची रीत ही खोट काढते: आधी दर माणसामागे, दर व्हॉक्सेलला एकच आकडा काढायचा, मग त्या 20 आकड्यांवर टी-चाचणी करायची.

एवढ्यानेही भागत नाही. लाख व्हॉक्सेलांवर 0.05 या पातळीने स्वतंत्र चाचण्या केल्या, तर काहीही घडलेले नसताना सुमारे 5,000 जागा ‘सक्रिय’ दिसतील. बेनेट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मेलेल्या सामन माशाला माणसांची छायाचित्रे ‘दाखवून’ नेमके हेच उघडे पाडले. एकलुंड, निकोल्स व क्नुटसन यांनी 2016 मध्ये 499 निरोगी व्यक्तींचा विश्रांतीतला डेटा वापरून विश्लेषणाची प्रचलित सॉफ्टवेअर पॅकेजेस तपासली. 5 टक्के अपेक्षित असलेली चूक काही वेळा 70 टक्क्यांपर्यंत गेली. यावरून सगळे संशोधनच रद्दी ठरवणारे उतावळे होत: दोष मुख्यतः व्हॉक्सेल-समूहांच्या चाचणीत, त्यातही ढिल्या उंबरठ्यावर होता, आणि गटांची नावे पुनःपुन्हा पिसून केलेली क्रमपरिवर्तन चाचणी बहुतांशी खरी उतरली.

गणित चोख असले तरी गट कोणाचा, हा प्रश्न उरतोच. वेगवेगळे मेंदू ताडण्यासाठी ते एका सामाईक साच्यावर बसवतात. त्यांपैकी तालेराक-तूर्नू यांचा 1988 चा नकाशा एकाच वृद्ध स्त्रीच्या मेंदूवर बेतला होता. माँट्रियलच्या साच्यात 152 तरुण आले. 100 भारतीयांवर आधारलेला हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा साचा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. साच्यावर प्रत्येक मेंदू ताणूनच बसवतात, मग साचा कोणाचाही का असेना, असा आक्षेप घेतात. ताणल्याने आकार जुळतो हे खरे, पण साच्यापासून दूरच्या मेंदूंत बसवणीची चूक वाढू शकते, आणि ती एकाच गटात जास्त झाली तर गटांतला फरक म्हणून मिरवते. उधन्याच्या कामगारांची तुलना दुकानदारांशी केली तर गोंगाटाने मंदावलेली श्रवणशक्ती आणि रात्रपाळीची अपुरी झोप हेही मेंदूतला फरक म्हणून नोंदले जाईल. श्रवणचाचणी व पाळीची नोंद स्कॅनआधीच घेतली असेल, तरच ते विश्लेषणात वेगळे काढण्याचा प्रयत्न करता येतो.