टंचाई आणि संशय

सण जवळ यावा, मागणी शिगेस पोहोंचावी, आणि नेमका त्याच वेळीं माल दुकानांतून नाहींसा व्हावा, असें घडलें म्हणजे हा विक्रेत्याचाच कावा आहे, असा तर्क ग्राहक करतो. दिवाळींत कोल्हापूरच्या महाद्वार रस्त्यावरहि तो ऐकूं येतो. हा संशय आजकालचा नव्हे. व्यापाऱ्यांनीं संगनमतानें माल अडवून धरल्यास त्यांस एक हजार पण दंड करावा, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सांगितलें आहे. कृत्रिम टंचाई ही केवळ कल्पना नव्हे, हें यावरून उघड आहे. परंतु प्रत्येक टंचाई कृत्रिमच असते काय?

महाराष्ट्रांतलेंच उदाहरण घेऊं. बजाज कंपनीनें १९७२ सालीं ‘चेतक’ स्कूटर काढली. नांव नोंदविल्यानंतर ती हातीं येण्यास कित्येकांस दहा दहा वर्षें लागत. कारखानदारच रांग लांबवितो, असें म्हणणें सोपें होतें. पण किती गाड्या काढाव्या हें १९५१ च्या औद्योगिक कायद्याखालील सरकारी परवान्यावर अवलंबून असे. त्यामुळें टंचाईचा वरकड पैसा मिळे तो कारखानदारास नव्हे, तर हातीं आलेली गाडी चढ्या दरानें विकणारास. पुढें १९८० नंतरच्या दशकांत परवान्यांचे बंध सैल झाले, प्रतिस्पर्धी आले आणि रांग ओसरली. टंचाईचा लाभ कोणाच्या खिशांत पडला, ही पहिली कसोटी.

दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाच्या ‘कन्सोल’ यंत्रांस हीच कसोटी लावून पाहूं. निंटेंडोचें ‘वी’ नोव्हेंबर २००६ मध्यें अमेरिकेंत आलें. त्या नाताळांत आणि पुढच्याहि नाताळांत तें दुर्मिळ राहिलें. कंपनी मुद्दाम माल दाबून ठेवते, असा आरोप झाला व कंपनीनें तो नाकारला. सोनीचें ‘प्लेस्टेशन ५’ भारतांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं आलें; ४९,९९० रुपये किंमत असूनहि त्याची आगाऊ नोंदणी कांहीं मिनिटांत संपली. त्या वेळीं जगभर चिपांचा तुटवडा होता. चढा दर उकळला तो बहुधा पुनर्विक्रेत्यांनीं. शिवाय यंत्र विकलें न गेल्यास त्यावरील खेळहि विकले जात नाहींत, आणि कंपनीचा मोठा नफा खेळांतच असतो. सबब माल दडविण्यांत तिचा फारसा स्वार्थ दिसत नाहीं.

म्हणून कंपन्या सर्वस्वी निर्दोष ठरतात असें मात्र नाहीं. टंचाईची वार्ता ही फुकटची जाहिरात असते, हें त्यांस ठाऊक असतें. चेतकच्या ग्राहकाजवळ निदान नोंदणीची पावती असे. आपला क्रमांक केव्हां तरी येईल, एवढा भरंवसा त्यास होता. संगणकापुढें घड्याळ पाहत बसलेल्या ग्राहकास एकंदर नग किती आहेत, हेंहि बहुधा कळत नाहीं. संशयाचें मूळ टंचाईंत नसून या मौनांत आहे. माल किती आहे हें विक्रीपूर्वीं जाहीर करण्यास कांहीं खर्च येत नाहीं. जो विक्रेता तें करीत नाहीं, त्यानें ग्राहकाच्या संशयाबद्दल तक्रार करूं नये.