‘सर्वोत्तम’ बिअरचा वाद आणि अभिरुचीचा प्रश्न

आजवर चाखलेली सर्वांत चांगली बिअर कोणती, हा प्रश्न बिअरच्या दर्दी मंडळींमध्ये निघाला की सहसा दोन प्रकारची उत्तरे येतात. काहीजण एखाद्या बिअरचे नाव घेतात आणि तिचा गंध, कडवटपणा, जिभेवर मागे उरणारी चव यांविषयी बोलू लागतात. इतर जण एखादे गाव, एखादी संध्याकाळ, सोबतचा मित्र यांच्याविषयी बोलतात; बिअर त्यात केवळ निमित्तमात्र असते. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही विभागणी ओळखीची वाटावी. ‘तुम्हाला आवडलेली सर्वश्रेष्ठ कादंबरी’ या प्रश्नाची उत्तरेही अशीच दोन वाटांनी जातात. आस्वाद्य वस्तूविषयी बोलावे की आस्वादाच्या प्रसंगाविषयी, हा समीक्षेतला जुना पेच आहे. बेल्जियममधील एका मठात तयार होणाऱ्या बिअरच्या इतिहासात हा पेच फार स्पष्टपणे पाहायला मिळतो.

पश्चिम फ्लँडर्समध्ये, हॉपच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पोपेरिंगे या गावाजवळ, वेस्टव्लेटेरेन येथे सिंट सिक्स्टस हा ट्रॅपिस्ट पंथाचा मठ आहे. मों दे का या फ्रान्समधील मठातून आलेल्या संन्याशांनी तो १८३१ साली स्थापन केला आणि त्यानंतर काही वर्षांतच तेथे बिअर गाळली जाऊ लागली. संन्याशाने आपल्या हातांच्या श्रमावर जगावे, हा संत बेनेडिक्टच्या नियमावलीचा दंडक. कोणी चीज करून, कोणी शेती करून तो पाळला. या मठाने बिअर करून पाळला. येथील सर्वांत तीव्र बिअर ‘वेस्टव्लेटेरेन १२’ या नावाने ओळखली जाते. रंगाने गडद तपकिरी, चवीला सुकामेवा आणि करपवलेल्या साखरेची आठवण करून देणारी, मद्यार्काचे प्रमाण १०.२ टक्के. तिच्या बाटलीवर कित्येक दशके लेबलसुद्धा नव्हते. टोपणाच्या पिवळ्या रंगावरून ती ओळखायची आणि मठाच्या दारात जाऊन विकत घ्यायची, एवढाच तिचा व्यवहार होता.

२००५ साली हा व्यवहार ढवळून निघाला. बिअर-रसिकांनी दिलेल्या गुणांवर आधारलेल्या ‘रेटबिअर’ या यादीत वेस्टव्लेटेरेन १२ जगात पहिली ठरली. ही बातमी वृत्तपत्रांतून सर्वदूर पसरली आणि मठाबाहेर मोटारींच्या रांगा लागल्या. कोणत्याही व्यापाऱ्याने अशा वेळी उत्पादन वाढवले असते. संन्याशांनी ते वाढवले नाही. वर्षाला सुमारे पाच लाख लिटर हे उत्पादनाचे मान त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळापासून जवळजवळ तेच ठेवले होते आणि तेच पुढेही ठेवले. दूरध्वनीवरून आगाऊ नोंदणी, मोटारीचा क्रमांक आधी कळवणे, एका वेळी ठरावीक पेट्या आणि पुन्हा न विकण्याची अट, अशी बंधने आली. ‘आम्ही मठ चालावा म्हणून बिअर गाळतो, बिअर चालावी म्हणून मठ चालवत नाही’ असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. पुढे इमारतीच्या दुरुस्तीसाठी मोठी रक्कम लागली, तेव्हा २०११ साली बेल्जियममध्ये आणि २०१२ साली परदेशांत खास पेट्यांची एकवारच विक्री झाली. गरज भागली, विक्री थांबली. २०१९ साली दूरध्वनीची जागा संगणकावरील नोंदणीने घेतली. बाकीची शिस्त कायम राहिली.

यातली विसंगती उघड आहे. पुरवठा न वाढवण्याच्या निर्णयामुळेच बिअरची कीर्ती वाढत गेली. जी वस्तू मिळवायला दिवसचे दिवस दूरध्वनी लावावा लागतो, जिच्यासाठी देश ओलांडून एका आडगावी जावे लागते, तिचा पहिला घोट घेताना ‘ठीक आहे’ असे म्हणण्याचे धैर्य किती जणांना होईल? आपण चव घेतो आहोत की स्वतःच्या खटाटोपाची भरपाई करून घेतो आहोत, हे त्या क्षणी सांगणे कठीण असते.

या शंकेची परीक्षा घेण्याची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे. मठापासून थोड्याच अंतरावर वातू नावाचे गाव आहे. मों दे का येथील संन्याशांनी फ्रान्समधील धर्मसंस्थाविरोधी धोरणांमुळे तेथे आश्रय घेतला होता. ते चीज करीत असत. १९३४ साली ते मायदेशी परतले आणि चीजचा कारखाना एव्हारिस्ट डेकोनिंक यांच्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंट सिक्स्टस मठाने व्यापारी पसारा आवरता घ्यायचे ठरवले आणि १९४६ साली आपल्या बिअरचे उत्पादन व विक्री करण्याचा परवाना डेकोनिंक यांना दिला. मठातील अनुभवी मद्यकार मात्यू शाफ्रान्स्की वातूला आले. त्यांच्याबरोबर कृती आली, आणि कृतीइतकेच महत्त्वाचे असलेले मठाचे किण्व, म्हणजे यीस्ट, आले. सेहेचाळीस वर्षे ही व्यवस्था चालली. मठाच्या भिंतींच्या आत गाळलेल्या बिअरलाच ‘ट्रॅपिस्ट’ म्हणावे असे ठरल्यावर, १९९२ साली परवाना संपला. तेव्हापासून वातूची बिअर ‘सिंट बर्नार्डस’ या नावाने विकली जाते. तिची ‘आब्त १२’ ही बिअर १० टक्के मद्यार्काची आहे आणि दुकानांत सहज मिळते.

पेच इथेच संपत नाही. वातूच्या मद्यशाळेने १९४६ साली आलेले किण्व पुढे जपले. मठात मात्र आता वेस्टमाले या दुसऱ्या ट्रॅपिस्ट मठाचे किण्व वापरले जाते. बिअरमध्ये किण्वाचे स्थान काय, हे सांगायला हवे. मोड आणून भाजलेल्या जवातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर ते करतेच, शिवाय फळांची, लवंग-मिऱ्यांची आठवण देणारे जे गंध बेल्जियन बिअरमध्ये जाणवतात, त्यांतले पुष्कळसे किण्वच निर्माण करते. मग अस्सल कोणती? जिथे परंपरा सुरू झाली त्या जागी आज होणारी, की त्या परंपरेचा जिवंत अंश जपून दुसऱ्या जागी होणारी? रसिक यावर वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. नाव झाकून दोन्ही पेले पुढे ठेवले तर कौल एकमुखी पडत नाही, असाही अनेकांचा अनुभव आहे.

पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकाला हे सारे परिचित वाटेल. मूळ प्रत हरवलेली, एक पाठ अधिकृत गादीच्या ठिकाणी पण मधल्या काळात बदललेला, दुसरा पाठ बाहेर गेलेला पण जुन्या रूपाच्या काही खुणा सांभाळून असलेला. संपादक अशा वेळी ‘श्रेष्ठ कोणता’ असे विचारत नाही. ‘कोणत्या पाठात काय टिकले आहे’ असे विचारतो. त्यातच बाटलीतही किण्वन चालू राहणारी ही बिअर वर्षागणिक बदलते. ताजी बाटली आणि पाच वर्षे तळघरात ठेवलेली बाटली यांच्या चवीत मोठे अंतर पडते. ‘वेस्टव्लेटेरेन १२’ हे नाव एक असले तरी त्या नावाखाली चाखलेल्या वस्तू अनेक असतात.

डेव्हिड ह्यूमने १७५७ साली प्रसिद्ध केलेल्या अभिरुचीच्या निकषावरील निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक गोष्ट वापरली आहे. सांचोच्या दोन नातलगांना एका पिंपातील द्राक्षमद्याविषयी मत विचारले जाते. एक म्हणतो, चांगले आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणतो, चांगले आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली सापडते. ह्यूमला यातून सूक्ष्म संवेदनेचे महत्त्व दाखवायचे होते. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या दोघांपैकी कोणीही ते मद्य सर्वोत्तम किंवा टाकाऊ असल्याचे सांगितले नव्हते. त्यांनी काय जाणवते ते सांगितले होते, आणि म्हणूनच किल्ली त्यांच्या बाजूने साक्ष देऊ शकली. ‘सर्वोत्तम’ या शब्दाच्या बाजूने साक्ष देणारी किल्ली कोणत्याही पिंपाच्या तळाशी नसते.

बिअरच्या क्षेत्रात अशी वर्णनाची भाषा घडवण्याचे मोठे श्रेय मायकेल जॅक्सन (१९४२–२००७) या इंग्रज पत्रकाराला जाते. प्रसिद्ध गायकाशी त्याचे केवळ नामसाम्य. १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने जगभरच्या बिअरची प्रकारांनुसार मांडणी केली. त्याआधी ‘बिअर’ हा सरसकट शब्द होता. त्यानंतर प्रत्येक बिअर तिच्या जातीच्या संदर्भात चाखण्याची सवय रुजली. आपल्याकडील साहित्यप्रकारांच्या विचाराशी याचे नाते लावता येईल: शोकात्मिकेला प्रहसनाच्या मापाने मोजू नये, एवढे साधे ते तत्त्व आहे. एकच सार्वत्रिक यादी नेमके हेच तत्त्व मोडते. रेटबिअरच्या ५० गुणांत गंधाला १०, रूपाला ५, चवीला १०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि ‘एकूण परिणामा’ला २० गुण असत. या २० गुणांत प्रवास, दुर्मिळता, मठाची शांतता, सोबतचा मित्र, सारे काही सामावून जाई.

हे सारे गैर आहे काय? भरताने रसाची कल्पना समजावताना भोजनाचाच दाखला दिला, आणि त्यात नाना व्यंजनांइतकाच सुमनस भोक्ताही महत्त्वाचा मानला. आस्वाद घेणाऱ्याच्या मनाला वगळून रसाची चर्चा संभवत नाही. पण भोक्त्याचे मन हवे म्हणजे भोक्त्याचे श्रम, खर्च आणि प्रतिष्ठा हव्यात असे नव्हे. संध्याकाळची आठवण सांगणारा रसिक आपल्या आयुष्याविषयी खरे बोलत असतो. त्याला बिअरविषयीचा निर्णय समजण्याची चूक यादी करते. साहित्यातील पुरस्कार, ‘शतकातील सर्वोत्तम’ पुस्तकांच्या निवडी यांकडे पाहतानाही हा भेद उपयोगी पडावा. समीक्षेला किल्ली शोधायची असते. मुकुट वाटायचा नसतो.

वेस्टव्लेटेरेनच्या संन्याशांनी तो मुकुट कधी मागितला नव्हता आणि मिळाल्यावर तो एक उपद्रव म्हणूनच सोसला. ज्या यादीने तो दिला ती २०१९ साली एका बहुराष्ट्रीय बिअर-कंपनीच्या मालकीची झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद पडली. मठ आणि वातूची मद्यशाळा दोन्ही चालू आहेत, आणि त्यांच्या दोन पेल्यांत नेमका काय फरक आहे, ते कोणालाही आजसुद्धा चाखून सांगता येते.