मॅच आपली, पडदा कोणाचा?

मोठी मॅच जवळ आली की कारंज्यात माझ्याकडे एकच चौकशी सुरू होते. "भाऊ, लॅपटॉप टीव्हीला कसा जोडाचा? मॅच मोठ्या पडद्यावर पाहाची हाय." दुकानदार विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, रिटायर्ड मास्तर विचारतात. उत्तर दोन मिनिटांचं आहे, ते खाली दिलंय. पण आपल्या देशाची मॅच पाहायला आपल्याला ही खटपट करावी लागते, ती का? त्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि आपल्या जवळच्या नागपुरात झालेल्या तीन सामन्यांवरून तो नीट सांगता येतो. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

पहिला सामना, ३१ ऑक्टोबर १९८७. रिलायन्स विश्वचषक, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माने विश्वचषकाच्या इतिहासातली पहिली हॅटट्रिक घेतली, तिघेही त्रिफळाचीत. मग गावसकरांनी अंगात ताप असताना एकदिवसीय कारकिर्दीतलं आपलं एकमेव शतक ठोकलं.

तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो, वाशिम जिल्हा व्हायला अजून अकरा वर्षं होती. टीव्ही मोजक्या घरांत. ज्याच्या घरी टीव्ही, त्याची बैठक त्या दिवशी गल्लीची. एक जण गच्चीवर अँटिना फिरवतोय, दुसरा खालून ओरडतोय, "आला, आला... गेला! मुंग्या, मुंग्या!" पण खर्च एकदाचाच होता: टीव्ही, अँटिना आणि फार तर एक बूस्टर. टीव्ही ठेवायला सरकारी लायसन लागायचं, तेही त्याच दशकात रद्द झालं होतं. मॅच पाहायचे वेगळे पैसे कोणी मागत नव्हतं.

म्हणून त्या काळाचे फार गोडवे गायचं कारण नाही. दूरदर्शन एकटं होतं, आणि एकटं असल्याचा ताठाही होता. ऐन रंगात आलेल्या सामन्यात बातम्या लागायच्या. जाहिरात लांबली की षटकाचा पहिला चेंडू गेलाच. काय दाखवायचं, किती दाखवायचं, सगळं दिल्ली ठरवणार.

या मक्तेदारीला धक्का दिला १९९३ च्या हीरो कपने. दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात सचिनने टाकलेलं शेवटचं षटक आणि अंतिम सामन्यात कुंबळेचे १२ धावांत ६ बळी आपल्याला तोंडपाठ आहेत. पण त्याच स्पर्धेवरून कोर्टात केवढी मोठी लढाई झाली, हे फार थोड्यांना माहीत आहे. बंगाल क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. सरकार आणि दूरदर्शन म्हणालं, देशातून प्रक्षेपण करायचा हक्क आमचाच. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं.

९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला. मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. पुढे महाराष्ट्रातल्या मंत्र्यांची चौकशी करणारा 'सावंत आयोग' गाजला, तेच सावंत. निकालाचा सार असा: आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यावर ना सरकारची मक्तेदारी, ना कुण्या शेठची. त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी व्हावा, आणि प्रेक्षकाला पाहण्या-ऐकण्याचा हक्क आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी कामी पडतं.

दार उघडलं आणि खाजगी चॅनेल जोरात आले. गावोगाव केबल आलं, विजेच्या खांबांवरून काळ्या वायरी लोंबू लागल्या. केबल असलेल्यांना दहा कॅमेऱ्यांतून क्रिकेट दिसू लागलं. पण खेड्यात, शेतातल्या वस्तीवर, झोपडपट्टीत अजून अँटिनाच होता. २००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानात गेला तेव्हा हक्क एका खाजगी वाहिनीकडे होते. पुन्हा कोर्टबाजी झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते सामने दूरदर्शनवर दिसले.

आता दुसरा सामना. २१ जानेवारी २००७, पुन्हा नागपूर, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. संघात परतलेल्या गांगुलीने ९८ धावा केल्या, आपल्या ३३८ झाल्या, चंदरपॉलने नाबाद १४९ ठोकून जीव टांगणीला लावला आणि आपण १४ धावांनी जिंकलो. पण हक्क असलेल्या कंपनीचा आणि प्रसार भारतीचा वाद पेटलेला होता, आणि दूरदर्शनवर हा सामना थेट दिसला नाही. विदर्भाच्या मैदानावरची मॅच विदर्भातल्याच अँटिनावाल्याला पाहता आली नाही! आधीच भारनियमनाचे दिवस. वीज असेल त्या वेळेत तरी दिसावं, तर तेही नाही. मग दिल्ली उच्च न्यायालयाने तोडगा काढला: दूरदर्शनने सात मिनिटं उशिरा दाखवावं. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे त्याला विकेट आत्ता, बाकीच्यांना सात मिनिटांनी.

यावर देशभर ओरड झाली. फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला आणि मार्चमध्ये संसदेने कायदा केला. नाव लांबलचक आहे, मुद्दा साधा: राष्ट्रीय महत्त्वाचा सामना केबल किंवा डीटीएचवर थेट दाखवायचा असेल, तर हक्कवाल्याने त्याचं चित्र त्याच वेळी, स्वतःच्या जाहिरातींशिवाय, प्रसार भारतीला दिलंच पाहिजे. दूरदर्शनला जाहिरातीचं जे उत्पन्न मिळेल त्यातले किमान ७५ टक्के हक्कवाल्याचे, २५ टक्के प्रसार भारतीचे. कोणाला बुडवलं नाही, आणि गरिबाच्या घरीही मॅच पोचली.

पण कायद्याचे शब्द नीट वाचा. प्रसार भारतीने ते चित्र दाखवायचं कुठे? अँटिनावर आणि स्वतःच्या डीटीएचवर, म्हणजे आजच्या फ्री डिशवर. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने याच शब्दांवर बोट ठेवलं: कायद्याने मिळालेलं हे चित्र खाजगी केबलवरच्या दूरदर्शनवर चालणार नाही. तेव्हापासून केबलवाल्याच्या डब्यात दूरदर्शन असतं, पण त्याच्यावर ती मॅच नसते. हे बदलायला २०१८ मध्ये सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा काही झाला नाही. आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनचे जुने अँटिनाचे ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद केले गेले. कायद्याने दोन दारं उघडी ठेवली होती. त्यातलं एक असं गेलं.

दरम्यान मॅच भलत्याच रस्त्याने यायला लागली होती. २०१० ची आयपीएल यूट्यूबवर थेट दिसली. तेव्हाच्या आपल्या इंटरनेटवर चेंडू बोलराच्या हातून सुटायचा आणि चक्र फिरत बसायचं. २०१५ मध्ये हॉटस्टार आलं. सुरुवातीच्या वर्षांत तिथेही फुकटवाल्यांना आयपीएल पाच मिनिटं उशिरा. २००७ च्या सात मिनिटांची आठवण झाली का? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मॅच खिशात आली.

मग जून २०२२ चा लिलाव. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. आधीच्या पाच वर्षांचे १६,३४७ कोटी होते. यातली खरी बातमी वेगळीच होती: भारतातल्या टीव्हीच्या हक्कांना २३,५७५ कोटी आणि डिजिटलला २३,७५८ कोटी. वायरीपेक्षा इंटरनेट महाग झालं. बाजार कुठे चाललाय हे कंपन्यांना कळलं, कायद्याला अजून कळायचंय.

२०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवली, तीही मराठी कॉमेंट्रीसह. बाळ ज. पंडितांना रेडिओवर ऐकलेल्या पिढीला किती बरं वाटलं असेल! केदार जाधव तिथे मराठीत बोलत होता, आणि बोलता बोलता बंगळुरूच्या संघाने त्याला खेळायलाच बोलावून घेतलं.

त्याच वर्षीचा विश्वचषक हॉटस्टारवर फुकट होता, पण फक्त मोबाइलवर. मोठ्या पडद्यावर पाहायचं तर पैसे. १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्यात एकाच वेळी ५.९ कोटी पाहणाऱ्यांचा आकडा तिथे नोंदला गेला. तेवढ्या लोकांनी आपण हरताना पाहिलं, आणि कितीतरी जणांनी एकेकट्याने, हाताएवढ्या काचेवर. १४ फेब्रुवारी २०२५ ला दोन्ही सेवा एक होऊन जिओहॉटस्टार झालं. सुरुवातीचे दर पाहा: फक्त मोबाइलसाठी तीन महिन्यांचे १४९ रुपये, टीव्ही आणि कॉम्प्युटरसह २९९. मॅच तीच, इंटरनेट तुमचंच, टीव्हीही तुमचाच. दर ठरतो पडद्याच्या आकारावर! आणि मोठा पडदा म्हणजे काय? घरचे चौघं, शेजारचे दोघं, एकत्र बसून पाहणं. १९८७ ची बैठक. जास्त पैसे त्याचेच लागतात.

तिसरा सामना, ६ फेब्रुवारी २०२५. पुन्हा नागपूर, आता जामठ्याचं मैदान, भारत विरुद्ध इंग्लंड. गिलच्या ८७ धावा, आपण चार गड्यांनी जिंकलो. समृद्धीवरून दोन-अडीच तासांवर सामना चाललेला, आणि कारंज्यातली पोरं हातातल्या मोबाइलवर मान मोडून बघत होती.

आता वायरीचं सांगतो. लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीला एचडीएमआयचं भोक असेल तर एकच वायर पुरते. चित्र आणि आवाज दोन्ही त्यातूनच जातात. रिमोटवरून तोच एचडीएमआय निवडा. लॅपटॉपवर विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून 'डुप्लिकेट' करा. आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर स्पीकरच्या चिन्हावरून टीव्ही निवडा. जुनी निळी व्हीजीए वायर असेल तर आवाजाची वायर वेगळी लावावी लागते. कधी कधी मेनू दिसतो पण मॅचच्या जागी काळोख. तेव्हा टीव्ही बिघडलेला नसतो. नक्कल होऊ नये म्हणून चित्राला कुलूप असतं, आणि जुनी वायर किंवा स्वस्तातला कन्व्हर्टर ते उघडू शकत नाही. एचडीत तासाला एक-दोन जीबी सहज जातात, म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक पहिल्या डावातच संपतो. आणि नेटवरचं चित्र काही सेकंद मागे असतं. शेजारच्या गल्लीत फटाके आधी, तुमच्याकडे सिक्सर नंतर.

ही वायर कामाची आहे, पण ती फक्त सोय आहे. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, पॅक नाही, पोहा वेशीच्या बाहेर गेल्यावर ज्याचं नेटवर्क मान टाकतं, त्याला तिचा काय उपयोग?

काही जण म्हणतील, मॅच नाही पाहिली तर काय मरतो का माणूस? नाही मरत. पण टी-शर्टवर 'इंडिया' लिहून संघ खेळतो तो आपल्या नावावर. बीसीसीआय सरकारी नसली तरी ती सार्वजनिक काम करते, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय. दुसरे म्हणतील, कंपन्यांनी कोट्यवधी ओतलेत, ते कसे निघायचे? त्याचं उत्तर २००७ च्या कायद्यातच आहे: ७५-२५. तीच वाटणी इंटरनेटवरही करता येते. आयपीएल कंपन्यांनी खुशाल विकावी, ती त्या यादीत नाहीच. बोलणं चाललंय फक्त भारताच्या सामन्यांचं.

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. एक, कायद्यात केबल आणि डीटीएचच्या शेजारी 'इंटरनेट' हा शब्द घाला. दोन, प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' नावाचं स्वतःचं ॲप काढलंय. यादीतले सामने तिथे, कोणत्याही पडद्यावर, फुकट दिसू द्या. तीन, हे होईपर्यंत फ्री डिशवर कोणते सामने दिसतात ते लोकांना ठळकपणे सांगा. एकदा डबा-छत्री घेतली की महिन्याचा खर्च नाही, आणि कायद्याने मिळालेला तेवढा हक्क आजही शाबूत आहे. अनेकांना तो माहीतच नाही.

आपल्या यवतमाळ-वाशिमच्या खासदारांना हे चार ओळींत लिहून पाठवा. मी पाठवतोय. १९९५ मध्ये कोर्टाने लहरी जनतेच्या म्हटल्या, २००७ मध्ये संसदेने मॅच जनतेची केली. दोन्ही वेळा आधी ओरड झाली, मग निकाल आणि कायदा आला. इंटरनेटबाबत अजून कोणी ओरडलंच नाही.