तळटीप : पाचगणीतले पोलिश आणि जनरल अँडर्स

* व्लादिस्लाव अँडर्स (१८९२–१९७०). हाडाचा घोडेस्वार. पोलंड नकाशावर नव्हता तेव्हा रशियन झारच्या ड्रॅगून पलटणीत त्यांनी नोकरी केली. १९३९ मध्ये ते पोलिश घोडदळाच्या ब्रिगेडचे प्रमुख होते. जखमी होऊन सोव्हिएतांच्या हाती सापडले आणि मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात गेले. हिटलरने रशियावर चाल केल्यावर, १९४१ मध्ये, त्यांची सुटका झाली आणि सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेल्या पोलिशांतून फौज उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. १९४२ मध्ये ती फौज इराणात उतरली, तेव्हा सैनिकांबरोबर हजारो बायका-मुलेही होती. एवढी खाणारी तोंडे आणण्यावर इंग्रज अधिकारी नाखूश होते. अँडर्स मागे हटले नाहीत. माझ्या मते ही त्यांची कामगिरी इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या विजयाहून (मे १९४४) मोठी. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची छावणी वसली ती या निर्वासितांमुळेच. क्षयाने पोखरलेल्या, अशक्त मुलांना कोरडी थंड हवा मिळावी म्हणून पाचगणीत त्यांची आरोग्यधामाची सोय झाली. युद्धानंतर वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारने अँडर्स यांचे नागरिकत्व काढून घेतले. लंडनमध्ये निधन, दफन माँटे कॅसिनोच्या पोलिश दफनभूमीत, आपल्या सैनिकांशेजारी.