चिंधू, चिंधी आणि मिलिंद : घरातल्या नावांचा इतिहास

 

तालुक्याच्या गावात पेपरचं काम करणाऱ्याकडे बातम्यांबरोबर जाहिरातीही येतात. त्यातली एक कायमची म्हणजे 'नावात बदल'. दोन-तीन ओळींचा मजकूर. माझं पूर्वीचं नाव अमुक, यापुढे मला तमुक नावाने ओळखावं. बहुतेक वेळा कारण कागदपत्रांचं असतं, शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं. पण अधूनमधून एखादा माणूस खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात सांगतो, "साहेब, नाव जरा विचित्र आहे. पोरं कॉलेजात गेली. त्यांना बापाचं नाव सांगायला लाज वाटते."

नाव असतं कचरू. किंवा दगडू, उकिर्डा, भिकाजी, चिंधू.

मी विचारतो, हे नाव ठेवलं कुणी आणि का? निम्म्यांना सांगता येत नाही. सांगणारी आजी गेलेली असते. नाव बदलायला माझा विरोध नाही, ज्याचं नाव त्याचा हक्क. पण ती जाहिरात छापली की त्या घराच्या इतिहासाचं एक पान बंद होतं, आणि ते कुणी वाचलेलंही नसतं. म्हणून हे लिहितोय.

आधी माझ्या घरातलं सांगतो. माझ्या आजोबांचं नाव कोंडिबा. पणजीची आधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली. चौथं झालं तेव्हा त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे शेजारीण तिथे गेली, पोर 'सापडलं' म्हणून उचललं आणि पणजीने सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. लेकरं नेणारं जे कुणी होतं त्याला कळावं, की हे पोर हिचं नव्हेच, हे तर कोंड्याच्या भावात आलेलं. आजोबा ही गोष्ट हसत सांगायचे. "मला कोंड्यात घेतलाय रे, माझी काय किंमत लावता!" सांगताना पणजीचा विषय निघाला की मात्र गप्प व्हायचे.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात जन्मलेल्या साधारण पाच बाळांपैकी एक वर्षाच्या आत जायचं. देवी, पटकी, धनुर्वात, हगवण. लस, दवाखाना सगळ्यांच्या आवाक्यात नाही. आईच्या हातात उरायचं ते नाव. मग मरणाला फसवायचं. पोर कचऱ्यात लोळवलं, कचरू. उकिरड्यावर ठेवलं, उकिर्डा. दारोदार मागून आणलेल्या कपड्यात गुंडाळलं, भिकाजी किंवा चिंधू. मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवलं, नथू. दगडासारखा टिको म्हणून दगडू. ज्याला आज आपण घाणेरडं नाव म्हणतो, ते त्या आईने केलेलं औषध होतं.

सगळी नावं मात्र एकाच मापाने मोजू नका. प्रत्येक धोंडू हा धोंडा नसतो. धुंडिराज हे गणपतीचं नाव, त्याचंही बोलण्यात धोंडो होतं. दादासाहेब फाळक्यांचं पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. आणि कुणी अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडिबा झालेला असतो. कुठला धोंडू कुठल्या वाटेने आला हे पुस्तकात मिळत नाही, घरीच विचारावं लागतं.

मरणाला चकवायची जशी नावं, तशी नवसाची. खंडोबाला बोललेला खंडू, मल्हारी, मार्तंड. जोतिबाचा जोतीराम. पिराला बोललेला पिराजी, फकिरा. आज कुणाला खटकेल, पण मराठा, धनगर, मातंग घरांत पिराजी आणि फकिरा पिढ्यान् पिढ्या नांदले. थेट भोसल्यांच्या घरात बघा. मालोजीराजांना मूल होईना, तेव्हा नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला आणि दोन मुलं झाली, त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. म्हणजे शिवरायांच्या वडिलांच्या नावात एका पिराचं देणं आहे. आजच्या भांडणांत हे कुणी आठवत नाही.

इथपर्यंत सगळं मायेचं झालं. आता दुसरी बाजू, ती कडू आहे.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव तिरस्कार दाखवणारं असावं. गावात कुणी श्लोक वाचत बसलं नसेल, पण नियम चालत होता. एकाचा 'रामराव' व्हायचा, दुसऱ्याचा 'राम्या'. राव, पंत, जी ही शेपटं कुणाच्या नावाला लागायची आणि कुणाच्या नाही, हे गाव ठरवायचं. सरकारी कागदावरही तेच उतरायचं, कारण लिहिणारा गावातलाच.

इथे गोंधळ होतो. पाटलाच्या घरातला कचरू आईने मरणाला चकवण्यासाठी ठेवलेला. वेशीबाहेरच्या वस्तीतला कचरूही कदाचित तसाच. पण कदाचित तिथे चांगलं नाव ठेवलं तर वरची आळी हसेल, दटावेल, म्हणूनही ठेवलेला. रजिस्टरवर दोघे सारखेच दिसतात. एका नावामागे माया, दुसऱ्यामागे धाक.

मुलींच्या नावात हा फरक अजून उघडा पडतो. सिंधुताई सपकाळ सगळ्यांना माहीत आहेत. १९४८ साली वर्धा जिल्ह्यात जन्मल्या. नको असलेली मुलगी म्हणून लहानपणी त्यांना हाक मारायचे 'चिंधी'. आता चिंधू आणि चिंधी शेजारी ठेवून बघा. शब्द एकच, कापडाचा फाटका तुकडा. मुलगा जगावा म्हणून तो चिंधू. मुलगी नको होती म्हणून ती चिंधी. व्याकरणात एका वेलांटीचा फरक, आणि दोन जन्मांचा.

नकुशीही तशीच. तिसरी, चौथी मुलगी झाली की नाव नकुशी, नकोशी, नकुसा. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो हा समज. म्हणजे मुलीचं नाव हा देवाला पाठवलेला निरोप, आणि तो निरोप त्या मुलीने जन्मभर वागवायचा. शाळेत हजेरी घेताना रोज सगळ्या वर्गासमोर ऐकायचा. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात अशा २८५ मुलींचं नव्याने बारसं झालं. त्यांनी नावं स्वतः निवडली. कुणी ऐश्वर्या, कुणी सावित्री, कुणी वैशाली. नव्या नावाचं प्रमाणपत्र मिळालं.

चांगलंच झालं. पण त्याच वर्षीची जनगणना बघा. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागे ८९४ मुली. दहा वर्षांपूर्वी ९१३ होत्या. नकुशी हे नाव जात होतं आणि नकुशी जन्माला येणंच थांबत होतं. सोनोग्राफीचं मशीन आल्यावर नावाने निरोप पाठवायची गरज उरली नाही. नुसतं नाव बदलून भागत नाही ते यासाठी.

ज्यांना चांगलं नाव मिळालं त्यांचंही ते टिकायचं कुठे? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव पुसलं. १८६५ साली कल्याणला जन्मलेली यमुना गोपाळराव जोश्यांशी लग्न करून आनंदी झाली, डॉक्टर आनंदीबाई. देवराष्ट्र्याची कुर्लेकरांची यमुना रमाबाई रानडे झाली. टिळकांच्या पत्नी माहेरच्या तापी, सासरच्या सत्यभामा. शाळेत आपण नवी नावं शिकलो. दोन यमुना कुठे गेल्या, विचारलं नाही. आणि हे जुनं झालं असंही नाही. २०२४ ला लाडकी बहीण योजनेचे फॉर्म भरायला ज्या रांगा लागल्या, त्यात कितीतरी बायका हातात दोन नावांची कागदं घेऊन उभ्या मी पाहिल्या. दाखल्यावर सुनीता, रेशनकार्डावर वैष्णवी. दोन्ही तीच, हे सिद्ध करायचं काम तिचंच.

पण लोकांनी स्वतःची नावं स्वतः घडवल्याचाही इतिहास आपल्याकडे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि पुढच्या एका पिढीत वस्त्यांमधली नावं बदलली. आजोबा कचरू, दगडू. नातवंडं सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा, नागसेन, मिलिंद. बाबासाहेबांनी काढलेल्या कॉलेजांची नावंच सिद्धार्थ आणि मिलिंद. हा मिलिंद कोण? इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात पंजाबकडे राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर. भिक्खू नागसेनाला त्याने प्रश्न विचारले, त्या संवादाचा पाली ग्रंथ झाला, आणि त्या राजाचं नाव मराठवाड्यातल्या पोराला लागलं. ज्या घराला तिरस्काराचं नाव ठेवायचा नियम होता, त्या घराने प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव उचललं.

गंमत म्हणजे मिलिंद दुसऱ्या आळीतही आहे. तिथे तो संस्कृतातला, मिलिंद म्हणजे भुंगा. एकाच वर्गात दोन मिलिंद बसायचे, एक राजा आणि एक भुंगा.

आता आई-बाप मोबाईलवर नाव शोधतात. अर्थ, राशी, अक्षर सगळं मिळतं. अर्थ शोधायला हरकत नाही, पण चिंधीचा अर्थ शब्दकोशात एकच आहे. तो मायेने ठेवलाय की नकोसेपणाने, हे फक्त घरातलं जुनं माणूस सांगू शकतं.

सरकारनेही एक पाऊल टाकलंय. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्न झालेल्या बाईच्या स्वतःच्या नावापुढे मात्र नवऱ्याचंच नाव, ती पद्धत तशीच ठेवली आहे. म्हणजे लेकराच्या कागदावर आई आली, आईच्या कागदावर तिची आई अजून नाही.

तेवढं तरी आपण करू शकतो. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर आज संध्याकाळी विचारा. तुमचं नाव कुणी ठेवलं? तुमच्या आधी किती लेकरं होती? आजीचं माहेरचं नाव काय? वहीत लिहून ठेवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. नंतर नाव बदलायचं तर खुशाल बदला, जाहिरात मी छापून देईन.

माझ्या आजोबांना कोंड्यात विकत घेणाऱ्या पणजीचं सासरचं नाव आमच्या सातबाऱ्यावर आहे. माहेरचं कुणालाच माहीत नाही. विचारायला आता कुणी उरलं नाही.

तुमच्या घरातल्या नावाची गोष्ट असेल तर खाली लिहा. वाचतोय.